मालिशवाली नाही, फिजिओ

परवा एका आजींच्या घरी गेले होते, गुडघा बदलून तेरा दिवस झालेले, आणि दार उघडल्या उघडल्या शेजारीण आत ओरडली, "मावशी, तुमची मालिशवाली आली बघा." पंधरा वर्षं झाली मला या फिजिओथेरपीच्या कामात पण अजून लागतंच ते. मालिश वाईट म्हणून नाही हो, बाळंतिणीचं अंग रगडणाऱ्या बायकांच्या हाताला मी मनापासून मानते, पण आम्ही जे करतो ते त्या शब्दात मावत नाही.

आणि हा शब्द आमच्या पेशाच्या मागे जन्मापासून लागलाय. १८९४ साली लंडनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलं की मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात, नर्सेसनी सांभाळून राहावं. तेव्हा रोझालिंड पॅजेट, लुसी रॉबिन्सन आणि आणखी दोघी नर्सेसनी मिळून स्वतःची सोसायटीच काढली, नियम कडक, डॉक्टरने सांगितल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही, मेडिकल पेपर सोडून कुठेही जाहिरात करायची नाही. आजची ब्रिटनमधली फिजिओंची चार्टर्ड सोसायटी ती हीच. म्हणजे आपल्या हाताला लोकांनी इज्जत द्यावी म्हणून बायका एकत्र आल्या आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं, मला हे वाचलं की अजून भरून येतं.

पुढे पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमुळे काम वाढलं, पण मला जास्त जवळची वाटते ती पोलिओची गोष्ट. तेव्हा पोलिओ झालेल्या पोराचे हातपाय महिनोन्महिने प्लास्टर नाहीतर स्प्लिंटमध्ये (हातपाय हलू नयेत म्हणून लावायच्या कडक पट्ट्या) बांधून ठेवायचे. ऑस्ट्रेलियाची एलिझाबेथ केनी, लोक तिला सिस्टर केनी म्हणायचे (नन नव्हती, सैन्यातल्या नर्सचा हुद्दा तो), ती म्हणाली सोडा ते. लोकरीच्या ब्लँकेटचे तुकडे उकळत्या पाण्यात बुडवायचे, घट्ट पिळायचे, थेंबसुद्धा राहता कामा नये नाहीतर कातडी भाजेल, आणि आखडलेल्या स्नायूवर गुंडाळायचे, मग पाय हळूहळू हलवायचा आणि पोरालाही हलवायला शिकवायचं. तिची सगळी थिअरी काही बरोबर नव्हती, डॉक्टरांशी तर कायमची भांडणं, पण १९४० मध्ये ती अमेरिकेला गेली आणि दोनच वर्षांत मिनियापोलिसमध्ये तिच्या नावाची इन्स्टिट्यूट निघाली.

आपल्याकडेही ही विद्या आली ती पोलिओमुळेच. १९५३ साली मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, आणि १९५५ मध्ये फिजिओंची राष्ट्रीय संघटना. आमच्या मॅडम सांगायच्या, त्यांच्या वेळी ओपीडीत कॅलिपर (पायाला आधार द्यायच्या पट्ट्या) लावलेली पोरं रांगेने बसलेली असायची आणि एखादं पोर पहिल्यांदा आधार सोडून चार पावलं चाललं की बाकीच्यांच्या आया पण रडायच्या. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, मी स्वतः नव्या पोलिओची एकही केस पाहिलेली नाही.

तर त्या आजी. पहिल्या दिवशी गुडघा जेमतेम ५५ अंश वाकत होता, "आई गं, सोड पोरी" म्हणून माझं मनगट घट्ट धरायच्या, मी थांबायचे, श्वास सोडा आजी म्हणायचे, आणि त्या श्वासाबरोबर दोन अंश मिळायचे. परवा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, लावला तर ७८. शेजारीण बघतच होती, तिला मोजपट्टीसारखं ते दाखवलं आणि आकडा वाचायला लावला. उद्या परत जायचंय, नव्वदपर्यंत आणायचाय.