तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा पैसेवाला माणूस या मारामारीत पडला कशाला?

नैरोबीत ट्रकच्या सुट्या भागांच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, त्यामुळे सोमालियाचा विषय निघाला की माना माझ्याकडे वळतात. प्रश्न ठरलेला. २००१ साली आलेल्या ‘ब्लॅक हॉक डाऊन’ या हॉलिवूडच्या युद्धपटात तोंडात सिगार धरून अमेरिकन जनरलला ऐटीत उत्तरं देणारा एक सोमाली व्यापारी आहे. तो खरा होता का? आणि एवढा पैसेवाला माणूस या मारामारीत पडला कशाला?

खरा होता. उस्मान अली आतो त्याचं नाव. सिनेमा आल्यावर त्याने बीबीसीकडे तक्रारही केली होती. आपण सिगार ओढत नाही, कानात काही घालत नाही, पकडलं तेव्हा तीन गाड्यांचा ताफा नव्हता, एक साधी फियाट १२४ होती, आणि आपल्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. मला त्या तक्रारीतला फियाटचा मॉडेल नंबर फार आवडतो. गाड्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूसच तो ध्यानात ठेवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. बांधकाम, अवजड यंत्रं, ट्रक हा आतोचा धंदा. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे राजधानी मोगादिशूतून पळाला आणि त्याच्यामागे सरकार नावाची गोष्टच उरली नाही. सैन्याची कोठारं लुटली गेली, बंदुका घरोघर पोचल्या. पण नुसत्या बंदुकीने शहर ताब्यात राहत नाही. माणसं वाहून न्यायला गाडी लागते, गाडीला डिझेल लागतं, बिघडली तर दुरुस्त करणारा लागतो. हे सगळं ज्याच्या आवारात उभं होतं तो तटस्थ राहीलच कसा? तटस्थ राहिला असता तर पहिल्याच आठवड्यात त्याचं आवार साफ झालं असतं. त्यातून आतो हबर गिदिर या हवीये कुळाच्या शाखेचा, आणि सेनानी मोहम्मद फराह ऐदीदही त्याच शाखेचा. (हा ऐदीद ऐंशीच्या दशकात दिल्लीत सोमालियाचा राजदूत होता, हे सांगितलं की आपल्याकडे कुणाचा विश्वास बसत नाही.) समोर होता अबगाल शाखेचा अली महदी मोहम्मद. तोही व्यापारीच, हॉटेलवाला, आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून जाहीर झालेला. नोव्हेंबर १९९१ पासून चार महिने दोघांनी एकमेकांवर तोफा डागल्या. मेलेल्यांचा अंदाज चौदा हजारांच्या आसपास दिला जातो.

या लढाईचं खरं वाहन म्हणजे ‘टेक्निकल’. पिकअपचा टप गॅस कटरने कापायचा, मागच्या हौद्यात लोखंडी खांब वेल्ड करायचा, त्यावर विमानविरोधी तोफ बसवायची. वजन आणि धक्का सोसावा म्हणून कमानपाटे वाढवायचे. ज्याने कधी ओव्हरलोड ट्रक चालता ठेवलाय त्याला यात नवीन काही नाही. आतोच्या गॅरेजमध्ये हेच काम चालायचं आणि ऐदीदच्या लढाईचा खजिनाही त्याच्याच हाती होता. म्हणून जून १९९३ मध्ये, ऐदीदच्या माणसांकडून संयुक्त राष्ट्रांचे चोवीस पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेल्यावर, अमेरिकेच्या एसी-१३० विमानांनी जी ठिकाणं झोडपली त्यांत हे गॅरेजही होतं. गॅरेजवर बॉम्ब कशाला, असं विचारणाऱ्याला युद्ध कशावर चालतं ते कळलेलं नसतं.

२१ सप्टेंबर १९९३ ला आतो अमेरिकनांच्या हाती सापडला. त्याला भेट म्हणून पोचवलेल्या हस्तिदंती मुठीच्या काठीत सीआयएने ठावठिकाणा सांगणारं यंत्र लपवलं होतं, असं पुढे अमेरिकन वृत्तपत्रात छापून आलं. हेलिकॉप्टरमधल्या नेमबाजाने गाडीच्या इंजिनात गोळ्या घातल्या, गाडी जागीच बसली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, ऐदीदच्या आणखी दोन माणसांना उचलायला गेलेल्या तुकडीचं काय झालं ते सिनेमात आहेच. अठरा अमेरिकन सैनिक मेले. सोमाली मेले ते शेकड्यांनी, पण सिनेमाला त्यांचा हिशेब ठेवायला वेळ नव्हता.

जानेवारी १९९४ मध्ये आतो सुटला, आणि इथून त्याची कहाणी मला जास्त रंजक वाटते. ऐदीदला देश हवा होता. आतोला काय हवं होतं हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण अमेरिकेशी आणि संयुक्त राष्ट्रांशी कायमचं वैर पत्करून व्यापार होत नाही, एवढं त्याला नक्की कळत होतं. जून १९९५ मध्ये ऐदीदच्याच संघटनेतल्या एका गटाने ऐदीदला काढून आतोला अध्यक्ष केलं. ऐदीदने दोन-चार दिवसांतच स्वतःला देशाचा राष्ट्राध्यक्ष जाहीर करून टाकलं. मग एकाच शाखेची माणसं एकमेकांवर उठली. आतोने जुना वैरी अली महदीशी जुळवून घेतलं. १९९६ च्या जुलैत मोगादिशूच्या लढाईत ऐदीदला गोळी लागली आणि १ ऑगस्टला तो मेला. त्याच्या जागी आला मुलगा हुसेन, जो काही वर्षांपूर्वी अमेरिकन मरीन म्हणून त्याच मोगादिशूत उतरला होता!

पुढची वर्षं म्हणजे नैरोबी, इथिओपियातलं सोदेरे, कैरो, पुन्हा केनिया. वाटाघाटी, करार, फिसकटणं. तपशिलात जात नाही.

दरम्यान शहरातल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनी आपला मार्ग काढला. मोगादिशूचं बंदर १९९५ पासून बंद होतं, म्हणून त्यांनी उत्तरेला एल मान इथे उघड्या किनाऱ्यावर माल उतरवायला सुरुवात केली. १९९९ च्या सुमारास त्यांनी टोळ्यांच्या सरदारांना पट्टी देणंच थांबवलं, त्यांच्या बंदूकधारी पोरांना पगार देऊन सरदारांकडून फोडलं आणि शरिया न्यायालयांच्या हाताखाली दिलं. खंडणीपेक्षा पगार स्वस्त पडत होता. त्याच न्यायालयांनी २००६ मध्ये सरदारांना शहराबाहेर हाकललं, आणि त्याच वर्षी बंदर पुन्हा उघडलं. म्हणून व्यापारी युद्धात का पडतो, एवढंच विचारू नका. तो बाहेर कधी पडतो, तेही विचारा. आतोने हा हिशेब दहा वर्षं आधी मांडायला हवा होता, असं मला वाटतं. पण त्याच्याकडे माल नव्हता, त्याच्याकडे टोळी होती, आणि टोळी गोदामात ठेवून गावाला जाता येत नाही.

२००४ च्या अखेरीस केनियात बसून बनवलेल्या हंगामी सरकारात आतोला सार्वजनिक बांधकाम आणि गृहनिर्माण खातं मिळालं. मंत्र्याचं घर मोगादिशूत आणि सरकार मात्र तिथे यायला धजत नव्हतं. ते आधी नैरोबीत, मग जौहरमध्ये, मग बैदोआत बसलं. आतो आणि राजधानीतले इतर सरदार-मंत्री ‘सरकार मोगादिशूतच हवं’ म्हणून अडून बसले, आणि २००५ मध्ये त्यांनी रस्त्यांवरचे वसुली नाके उठवायची मोहीमही काढली. ते नाके मुळात कुणाच्या पोरांनी बसवले होते, हे सांगायची गरज नाही. ५ ऑगस्ट २०१३ ला मोगादिशूतच त्याचं निधन झालं. गोळीने नव्हे.