फीलर शिरेना

तेव्हा मी जहाजावर थर्ड इंजिनिअर होतो; खलाशांच्या बोलीत ‘तीन साब’. जनरेटर माझ्याकडे. दोन नंबरच्या जनरेटरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, तपासायची वेळ झाली होती, आणि त्याच्या चार नंबर युनिटचं (म्हणजे सिलिंडरचं) एक्झॉस्ट टेंपरेचर आठवडाभर बाकीच्यांपेक्षा चाळीसेक अंश वर चाललं होतं. इंजेक्टर बदलून पाहिला, फरक पडला नाही.

रात्री इंजिन बंद करून थंड होऊ दिलं. सकाळी स्टार्टिंग एअर बंद, ऑटो स्टार्ट बंद, पॅनेलवर पाटी, सिलिंडरमधला दाब सुटावा म्हणून इंडिकेटर कॉक उघडे. मोटरमन खाली फ्लायव्हीलला बार लावून, मी वर रॉकरपाशी. इनलेटला ०.३० आणि एक्झॉस्टला ०.५० मिलिमीटर, हा आमच्या मॅन्युअलचा आकडा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो, त्याची दांडी जास्त वाढते, म्हणून त्याला जागा जास्त.

चार व्हॉल्व्हचं सिलिंडर हेड, त्यामुळे आधी दोन व्हॉल्व्ह एकत्र दाबणारा ब्रिज दोन्हींवर सारखा बसवायचा, मग रॉकरकडे वळायचं. खरी गंमत लॉकनटची, फट जमवायचा स्क्रू जागी धरणाऱ्या नटची. नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि जमवलेला ०.५० गुपचूप ०.४५ होतो. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा फीलरचं, म्हणजे फट मोजायच्या गेजचं, पातळ पान घालायचं. जाड पुस्तकात दाबलेला कागद ओढताना लागते, तेवढीच ओढ बोटांना लागायला हवी. (डब्यातलं सगळ्यात वापरलेलं पान कधी मायक्रोमीटरखाली धरून पाहा. मी पाहिलंय.)

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४, म्हणजे चार नंबर शेवटी आला. तोवर हात बसला होता. मॅन्युअलचा आकडा जमवत पुढे, बस्स.

चारच्या एक्झॉस्टला ०.५० शिरेना. ०.३० शिरेना. ०.०५ सुद्धा नाही. रॉकरला खालून ढकलणारा पुशरॉड बोटांनी फिरवून पाहिला, घट्ट. चुकीच्या स्ट्रोकवर आहे की काय म्हणून त्याचा जोडीदार तीन नंबर पाहिला. तिथे व्हॉल्व्ह ओव्हरलॅपमध्ये, इनलेट-एक्झॉस्ट दोन्ही जरा उघडे, म्हणजे चार बरोबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीलाच: पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद. मग मी काय केलं? लॉकनट सैल केला, स्क्रू मागे घेतला, ०.५० जमवलं आणि खुशीत वर गेलो. टेंपरेचरचं कारण सापडलं होतं ना!

सेकंड इंजिनिअर साहेबांनी रजिस्टर पाहिलं. बोट ‘आधी’ या रिकाम्या रकान्यावर.

“चारचं किती होतं?”

“काहीच नव्हतं, सर. पूर्ण टाइट.”

“मागच्या वेळी ०.५० लिहिलंय. मग ती जागा गेली कुठे?”

मी गप्प. उत्तर शाळेत शिकल्याइतकं सोपं होतं: कॅम किंवा रॉकर झिजला तर फट वाढते, कमी होते ती व्हॉल्व्ह आणि तो जिच्यावर बसतो ती सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकला की. आणि फट संपली की गरम इंजिनात तो नीट मिटतच नाही.

इंजिन सुरू करू दिलं नाही त्यांनी. संध्याकाळी हेड उतरवलं. एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढी खाच, वायूनं जाळत नेलेली, आणि समोर सीटवर तिचीच काळी रेघ. मी स्क्रू कितीही फिरवला असता तरी त्या खाचेतून गळती चालूच राहिली असती.

नवं हेड बसवून पुन्हा टॅपेट केले. रजिस्टरमध्ये चारच्या ‘आधी’च्या रकान्यात ०.०० लिहिलं. बाकीच्या पाचांचे रकाने मात्र रिकामेच राहिले. तिथे आधी किती होतं, ते मी सकाळीच पुसून टाकलं होतं.