धमनी किती ताठ झाली आहे?

इंदूरला सकाळी पोहे-जिलबी आणि चहा उरकून तपासणीला जायची सवय अनेकांना आहे. धमन्यांचा ताठरपणा मोजायचा असेल तर हे चालणार नाही. आधीचे 3 तास खाणं, चहा, तंबाखू बंद. मग 10 मिनिटं शांत आडवं पडायचं. बोलायचंही नाही.

धमनी जितकी ताठ, तितकी नाडीची लाट तिच्यातून वेगाने धावते. म्हणून मान आणि जांघ इथल्या नाडीतला वेळेचा फरक यंत्र टिपतं. या दोन जागांमधलं अंतर टेपने सरळ रेषेत मोजायचं, पोटाच्या घेरावरून नव्हे, आणि त्याला 0.8 ने गुणायचं. घोळ इथेच होतो. अंतर 60 सेंटीमीटर, फरक 60 मिलिसेकंद असेल तर लाटेचा वेग सेकंदाला 8 मीटर. गुणायचं राहिलं तर तोच वेग 10 येतो, म्हणजे थेट धोक्याच्या रेषेवर, आणि माणूस उगाच घाबरतो!

रक्तातला हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अगदी कमी प्रमाणातही मोजता येणारं एक प्रथिन) शरीरातली सूज दाखवतो, धमनीचा ताठरपणा नव्हे. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर धोका जास्त धरतात. पण 10 च्या वर गेला तर आधी सर्दी-ताप, दाढेचा संसर्ग पाहा, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, मात्र सोबत कराच, कारण वाढलेली साखर धमनीच्या भिंतीतलं कोलॅजन घट्ट बांधत जाते.

घरी आजोबांचं बीपी 150/70 दिसलं तर ‘खालचं तर नॉर्मल आहे’ म्हणून सोडू नका. वरच्या-खालच्या आकड्यातलं ते 80 चं अंतर धमनी ताठ झाल्याची खूण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.