तुम्ही विचारलंत म्हणून: ते कार्ड मी खेळत का नाही

दर रविवारी कुणी ना कुणी विचारतंच, की मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातलं रिस्टिक स्टडी हे निळं कार्ड तुझ्या बाइंडरच्या (कार्डांच्या अल्बमच्या) शेवटच्या पानावर नुसतं पडून आहे, तुझा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा गठ्ठा, निळाच आहे, मग टाकत का नाहीस, आणि टाकायचं नसेल तर विकून टाक की. आत्तापर्यंत मी काहीतरी सांगून विषय बदलत आलो. आता एकदाच सांगतो.

कार्ड किती चांगलं आहे हे मला पटवून देऊ नका. कमांडरमध्ये, म्हणजे आम्ही खेळतो त्या प्रकारात, समोर तिघं असतात, तिघांपैकी कुणीही जवळपास काहीही खेळलं की त्याने एक माना (कार्ड खेळायला मोजावी लागणारी शक्ती) जास्तीचा भरायचा नाहीतर मी कार्ड ओढणार, "एक भरतोस का?" ऐकून टेबल कसं वैतागतं ते मला ठाऊक आहे. पण २००० साली प्रॉफेसी सेटमध्ये (एकत्र छापलेल्या कार्डांच्या मालिकेत) ते आलं तेव्हा साधं कॉमन, म्हणजे सहज मिळणारं, होतं, सेटचं चिन्ह काळं. घोळ तिथेच आहे: चिन्ह बघून ते स्वस्त वाटतं.

२०१९ ची गोष्ट. तेव्हा ज्या कॅफेत आम्ही खेळायचो तिथे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा यायचा. मामाने अमेरिकेहून येताना बुटांच्या खोक्यात भरून जुनी कार्डं आणली होती. गेम त्याला मीच शिकवला. काळं चिन्ह म्हणजे कॉमन, चंदेरी अनकॉमन, सोनेरी रेअर, हेही मीच.

एके दिवशी तो खोका चाळताना मला ते दिसलं. मी लगेच हात नाही लावला. पुढची वीसेक कार्डं बघितली, दोन-तीन उगाच बाजूला काढली, मग म्हटलं, हे पण असू दे, माझ्याकडे नाहीये. बदल्यात फॉइलमधला (चकचकीत छपाईचा) एक ड्रॅगन दिला, जो माझ्याकडून पन्नास रुपयांनाही कुणी घेत नव्हतं. स्टडी तेव्हाही हजाराच्या घरात होतं. आणि वर म्हणालो, "बघ, तुझाच फायदा." तो इतका खूश झाला की ड्रॅगनसाठी स्लीव्ह (प्लॅस्टिकचं कव्हर) मागितली, तीही दिली, आणि त्या क्षणी मला आपण दिलदार आहोत असं वाटलं, खरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी तो आला. आमचा गेम चालू होता, माझ्या खुर्चीमागे संपेपर्यंत उभा राहिला. मग हळूच, "दादा, तुला माहीत होतं ना?" मोबाइलवर किंमत उघडलेली. बाकीचे तिघं बघत होते. मी म्हटलं, ट्रेड झाला की झाला, सगळ्यांचं असंच होतं, यातूनच शिकतो माणूस. तो "ओके" म्हणाला. दुसऱ्या हातात ड्रॅगन होता, मी दिलेल्या स्लीव्हमध्येच. तो परत बॅगेत ठेवला आणि गेला. नंतर कधी दिसला नाही, मग मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. त्याचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

मी चोरी केलेली नाही. दोघं राजी होते. कॉलेजात मलाही एकाने असंच गंडवलं होतं, माझं फेचलँड हे महागडं कार्ड गेलं, मी कुणाकडे रडत गेलो नव्हतो. २०१९ चा मी हेच म्हणायचो, अजूनही मधेच म्हणतो, आणि त्याला खोडून काढायला गेलं की मला पटकन जमत नाही. पण मोठ्या माणसाशी ट्रेड करताना मी मोबाइल काढून दोन्हीकडच्या किमती लावतो. त्या मुलासमोर मोबाइल खिशातच ठेवला होता. आणि "तुझाच फायदा" हे म्हणायची काय गरज होती, तो तर आधीच हो म्हणाला होता.

२०२३ मध्ये वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेन या सेटसोबत ते परत छापलं गेलं, तेव्हा वाटलं, चला, आता पुष्कळांकडे येईल, माझ्या कार्डाचं ओझं कमी होईल. तसं काही झालं नाही. एकदा डेकमध्ये टाकूनही बघितलं. तिसऱ्या टर्नला हातात आलं, माना होता, तरी शेवटपर्यंत धरून बसलो आणि हरलो.

तो आता एकोणीस-वीसचा असेल. विसरलाही असेल. भेटला तर परत देशील का, असं विचाराल, तर हो म्हणायला सोपं आहे, पण त्याने खेळणंच सोडलं असेल तर कार्ड देऊन मी नेमकं काय परत करणार ते मला कळत नाही. तर विकायचं नाहीये. रविवारी निळा डेक घेऊन येतो, त्याच्या ९९ कार्डांमध्ये ते नसेल.