अंगठीशेजारची अंगठी

लेकीच्या लग्नासाठी बँड बघायला चिपळूणला चाललो आहोत, असे मी शेजारच्या वहिनींना सांगितले, तेव्हा त्या अंगणात सोले वाळत घालत होत्या. हातातले रातांब्याचे साल तसेच धरून त्या म्हणाल्या, "बँड आपल्या गुहागरात मिळत नाही होय? आणि बघायला कशाला जायचं, ऐकायला जा की." हा बँड पिपाणी-ढोलाचा नव्हे, बोटात घालायचा आहे, हे समजावून सांगेपर्यंत एसटी चुकली.

त्यांचे काही चुकले नव्हते. आमच्याकडे लग्नात अंगठी येते ती साखरपुड्याला, आणि तिथेच तिचे काम संपते. पुढे लाजाहोम आहे, सप्तपदी आहे, मंगळसूत्र आहे, पायात जोडवी आहेत. पण दुसऱ्या अंगठीसाठी विधीत कुठेही जागा राखलेली नाही. नाही म्हणायला लग्नानंतर घरी परातीतल्या पाण्यात कुंकू कालवून नवरा-नवरीला अंगठी शोधायला लावतात, पण तो खेळ असतो आणि त्यात बहुधा घरातलीच एखादी जुनी अंगठी खपून जाते. ख्रिस्ती घरांतून लग्नाची अंगठी विधीतलीच असते. आमच्या लेकीने ती कल्पना तिथून घेतली की मुंबईच्या मैत्रिणींकडून, हे मी विचारले नाही. तिचे म्हणणे सरळ होते. मंगळसूत्र ती रोज ऑफिसला घालणार नाही, साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी रोज घालायला तिला भीती वाटते, मग बोटात कायम राहील असे काहीतरी हवे, आणि ते त्या हिऱ्याच्या अंगठीशेजारीही शोभले पाहिजे.

नाव परके असले तरी वस्तू परकी नाही, हे मला वाटेत आठवले. बिनखड्याच्या, साध्या, गोल अंगठीला आमची आजी वळे म्हणायची. शुद्ध सोन्याची तार गुंडाळून केलेली वेढणी तर सराफांकडे अजूनही मिळते. दिवाळीच्या पाडव्याला पैसे सोन्यात गुंतवायचे म्हणून माणसे ती घेतात आणि कपाटात ठेवून देतात.

चिपळूणच्या त्या पेढीवर आमच्या घरची तिसरी पिढी जाते. भिंतीवर, माझ्या खांद्याच्याही वर, २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण त्यांनी रंग देतानाही मुद्दाम तशीच ठेवली आहे. सोन्याला चिखलाने काहीच होत नाही, धुतले की झाले. वह्या मात्र गेल्या, असे सराफ तेव्हा सांगत होते. त्यांनी लेकीची अंगठी हातात घेतली, भिंगातून आतला शिक्का पाहिला आणि म्हणाले, "अठरा कॅरेट आहे वहिनी, म्हणजे ७५० चं, हजारात साडेसातशे भाग सोनं. हिऱ्याला तेच बरं. बावीसच्या नख्या मऊ पडतात, खडा धरून ठेवत नाहीत." मग त्यांनी ट्रे काढले.

पुढचा पाऊण तास मी माझ्या आयुष्यात दागिन्यांविषयी जेवढे शिकले नव्हते तेवढे शिकले. लेकीला आधी आवडली ती बारीक हिऱ्यांची ओळ असलेली अंगठी. ती साखरपुड्याच्या अंगठीला लागून घातली की दोन्ही मिळून बोटावर एवढा लखलखाट झाला की मूळ हिरा कोणता हे शोधावे लागले. शिवाय हिऱ्याला ओरखडा काढू शकेल असा दगड एकच, तो म्हणजे हिरा. दोन अंगठ्यांतले हिरे रोज एकमेकांना घासत राहिले, तर कधीतरी एखाद्याची कड उडते. सराफांनी हे सांगून तो ट्रे स्वतःच बाजूला सारला. एवढा महाग ट्रे स्वतःहून मागे घेणारा दुकानदार मी फार पाहिलेला नाही.

साधी सरळ अंगठी घातली तर दुसरीच अडचण निघाली. लेकीच्या अंगठीत खड्याची बैठक खाली, बोटाला जवळजवळ टेकलेली आहे. त्यामुळे सरळ अंगठी तिला चिकटून बसेना. खड्याच्या पोटाशी अडून दोघींमध्ये नखाएवढी फट राहिली आणि त्या फटीतून बोटाची कातडी दिसू लागली. सराफांनी पावतीपुस्तकातला एक कागद फाडून त्याची बारीक पट्टी केली आणि ती दोन अंगठ्यांमधून ओढून पाहिली. वरच्या बाजूला पट्टी अडली, खालच्या बाजूला सहज फिरली. "इथं टेकतंय," ते म्हणाले, "हिऱ्याची कड रोज इथंच घासणार, वर्षभरात सोन्यात खाच पडेल." या अडचणीवरचा तयार उपाय त्यांच्याकडे होता: मधोमध चंद्रकोरीसारखा बाक दिलेली अंगठी. ती घातली आणि खरोखर, हिऱ्याचे पोट त्या बाकात असे बसले, की जणू एकाच कारागिराने एकाच दिवशी दोन्ही घडवल्या आहेत.

लेक खूश झाली. मग मी तिला हिऱ्याची अंगठी काढायला सांगितली. एकटी राहिलेली ती बाकाची अंगठी बोटावर चेपल्यासारखी दिसत होती. कुणी दारात बोट चेंगरून घ्यावे आणि अंगठीला पोचा पडावा, तशी. आणि आमच्याकडच्या हातात ती बहुतेक वेळ एकटीच असणार, हे लेकीपेक्षा मला जास्त ठाऊक होते. नारळ खवताना खोबऱ्याचा कीस हिऱ्याच्या नख्यांत अडकतो. मोदकाची उकड मळताना ती खड्याखाली जाऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी वाळून दगड होते. कोळंबी सोलल्यावर तर चार वेळा हात धुतले तरी अंगठीला वास राहतो. काजूबिया फोडायला बसले तर त्या चिकात अंगठी घालून कुणी हात घालणार नाही. म्हणजे हिरा काढून डबीत, आणि बोटात उरते ती दुसरी. लेक म्हणाली, "अगं आई, मी पुण्यात राहणार आहे, काजू कोण फोडतंय?" मी म्हटले, "मोदक तरी करशील ना?" ती गप्प बसली, पण पटल्यामुळे की कंटाळल्यामुळे, ते कळले नाही.

खरे तर एकाशेजारी एक दागिना कसा घालायचा, हा प्रश्न आमच्या आज्यांनी मनगटावर कधीच सोडवला होता. माझ्या आजीच्या हातात कोपराकडे गोठ, मग काचेच्या हिरव्या बांगड्या, मध्ये पाटली, पुन्हा बांगड्या, असा क्रम ठरलेला असे. लहानपणी मला ती शोभा वाटायची. सोन्याला सोने लागून झिजू नये म्हणून मध्ये काच हवी, हे तिने एकदा भांडी घासता घासता सांगितले होते. काच फुटली तर चार आण्यांची, सोने झिजले तर कुणाला सांगणार? बोटावर मात्र मध्ये काच घालायची सोय नाही.

म्हणून धातू कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला, आणि इथे मी हटून बसले होते. माझ्या मते सोने म्हणजे बावीस कॅरेट, ९१६ चे. बाकी सगळे फॅन्सी. पण अठराच्या अंगठीला बावीसची खेटून घातली की झिजणार ती बावीसची, कारण मऊ तीच. शिवाय रंग. बावीसचा पिवळा रंग गडद, हळदीकडे झुकणारा. अठरात तांबे-चांदी जास्त पडत असल्याने तो फिका. वेगवेगळ्या ट्रेमध्ये फरक जाणवत नाही, एकाच बोटावर मात्र लगेच दिसतो.

पर्समध्ये मी माझ्या आईचे वळे आणले होते. मनात असे होते, की ते आटवून त्याचीच नवी अंगठी करावी म्हणजे आजीचे सोने नातीच्या बोटात जाईल. आईचे लग्न १९६४ सालचे. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले होते आणि नवीन दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली होती. सोनारांच्या भट्ट्या त्या काळात थंड पडल्या. आजोबांनी कायद्याला धरून वळे चौदा कॅरेटचे केले आणि त्यावरून सासरच्या मंडळींनी आईला आयुष्यभर ऐकवले. "चौदाचं म्हणजे पितळच की," हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. सराफांनी कसोटीवर वळ्याची रेघ ओढली, शेजारी बावीसची ओढली आणि दोन्हींवर तेजाब फिरवले. बावीसची रेघ राहिली, आईची विरून गेली. मग त्यांनी वळे भिंगाखाली धरले आणि म्हणाले, "पण वहिनी, साठ वर्षं वापरलेलं वाटत नाही. कडा बघा." कडा खरोखरच जशाच्या तशा होत्या. याच हातांनी आईने किती पायल्या तांदूळ धुतले असतील, किती पाटे धुतले असतील. सोबतच्या पाटल्या झिजून धारदार झाल्या, हे मात्र तसेच राहिले. हिणकस म्हणून हिणवलेले सोने हिणामुळेच टणक होते.

लेकीने ते घालून पाहिले. रंग हिऱ्याच्या अंगठीला आश्चर्य वाटावे इतका जवळचा होता, पण रुंदी दुप्पट. शेजारची नाजूक अंगठी त्याच्यापुढे चोरट्यासारखी दिसू लागली. ते तासून अरुंद करता येईल, असे सराफ म्हणाले. लेक म्हणाली, "नको. ते आहे तसंच राहू दे." आटवायचे मग मीही बोलले नाही.

शेवटी ठरले ते असे: अठरा कॅरेटचे साधे वळे, हिऱ्याच्या अंगठीच्या दांडीइतकेच रुंद, म्हणजे दोन मिलिमीटरच्या किंचित वर, आतून गोलाई दिलेले. हिऱ्याची बैठक तेवढी जरा उचलून घ्यायची, म्हणजे वळे तिच्याखाली सरळ बसेल. वळ्याला वाकवण्यापेक्षा हे बरे. दोन्ही अंगठ्या डाक देऊन एकत्र जोडून टाकण्याची सूचनाही निघाली होती, पण मग नारळ खवताना दोन्ही काढाव्या लागल्या असत्या. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरेल. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. हे त्यावर असल्याने आत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, कोरलेला येईल, आणि उरलेल्या जागेत लग्नाची तारीख बसेल. नावे बसणार नाहीत, कारण होणाऱ्या जावयांचे नाव लांब आहे.

मापाचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. लेकीचे बोट १२ नंबरचे, म्हणजे आतला परीघ ५२ मिलिमीटरच्या जवळपास; पण दोन अंगठ्या शेजारी शेजारी घातल्या की बोटाला जास्त जागा लागते, म्हणून एक नंबर वाढवावा, असे सराफांचे मत. त्यात आम्ही माप दिले ते वैशाखातल्या दुपारी, घामेजल्या, सुजलेल्या बोटाचे. लग्न आहे मार्गशीर्षात, आणि ती राहणार पुण्यातल्या थंडीत, जिथे हेच बोट बारीक होईल आणि वळे भांड्यांच्या सिंकमध्ये जाईल. सराफांनी सांगितले, की एखाद्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या आणि एखाद्या दिवशी रात्री, असे माप घेऊन कळवा. पेरावरून ओढताना किंचित अडले पाहिजे आणि आत गेल्यावर फिरले पाहिजे. घालायचा क्रमही त्यांनीच सांगितला: वळे आधी, तळहाताच्या बाजूला, हिरा त्याच्या पुढे. म्हणजे हिरा काढताना वळ्याला हात लावावा लागत नाही.

परतीच्या एसटीत, आईचे वळे पर्समध्ये हरवेल या भीतीने मी ते माझ्याच अनामिकेत सरकवले. ते पेरावरून जरा जोर लावल्यावर गेले. शृंगारतळी आली तेव्हा काढून पाहू लागले, तर निघेना. घरी पोचल्यावर साबण झाला, खोबरेल झाले. अशा वेळी काय करतात ते मला माहीत आहे: बोटाला दोरा घट्ट गुंडाळत पेरापर्यंत यायचे, त्याचे टोक अंगठीखालून काढायचे आणि दोरा उलटा उलगडत अंगठी पुढे सरकवायची. लेक शिवणाच्या डब्यातून दोरा घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि हात हातात घेऊन तिने विचारले, "काढायचंच आहे का?"

दोरा अजून देव्हाऱ्यापाशी पडला आहे. आज सकाळी नारळ खवला, तेव्हा वळ्यात काही अडकले नाही.