तंबूतला पाऊस

पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. पाऊस नव्हता. माझाच श्वास तंबूच्या कापडावर गार होऊन गळत होता.

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईच्या माळावर. तंबू मुद्दाम एकपदरी घेतलेला, १.२ किलोचा. दुपदरी २.३ किलो भरला, म्हणून नको म्हटलं. त्यात डिसेंबरच्या गारठ्याला घाबरून सगळ्या चेनी गच्च लावलेल्या. स्लीपिंग बॅग पायाकडून ओलीकच्च.

सकाळी चहा देताना गावातल्या मामांनी कापडावर बोट फिरवलं. "आतूनच पाऊस पाडलाय की!" ते स्वतः उघड्या पडवीत, घोंगडी पांघरून झोपलेले. ठणठणीत कोरडे.

दुकानात काट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजले. हवा कुठून जाणार, हे मात्र विचारलंच नाही (हौस दांडगी!).

आता दुपदरीच घ्यावा, की ताडपत्री आणि दोन काठ्या? तुम्ही काय नेता?