खालची बी जुळेपर्यंत : पाच तारी बेसच्या सेटअपची नोंद

या बेस गिटारच्या सेटअपचं, म्हणजे तो आपल्या हाताला जुळवून घेण्याचं, काम आता अशा टप्प्यावर आलंय की लिहून ठेवण्यासारखं बरंच साठलंय. आधी वाद्याबद्दल. पाच तारा, 35 इंच स्केल (म्हणजे दोन टेकूंमधली तारेची कंप पावणारी लांबी), 24 फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). ॲशची बॉडी, मेपल आणि वेंगेच्या पट्ट्या जोडून केलेली नेक, तिच्या आत ट्रस रॉडच्या (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या सळईच्या) दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या सळ्या, वर एबनीचा फ्रेटबोर्ड. दोन सोपबार पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारे लांबट चुंबकी ठोकळे. ब्रिजवर (बॉडीवर तारा अडकवतात तिथे) तारांमधलं अंतर 18 मिलिमीटर. एकाच कारागिराने पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने घडवलाय, आणि फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवलं की ते लगेच कळतं. कुठेही टोचत नाही.

तरीही असा बेस घेतला म्हणजे सेटअपचं काम मिटलं असं होत नाही. कारागीर वाद्य सर्वसाधारण हाताला चालेल अशा मापांवर लावून देतो. आपला उजवा हात किती जड, आपल्याला तार किती ताठ लागते, हे त्याला कुठून कळणार? अशा हाताने घडवलेल्या, म्हणजे बुटीक, बेसचा इतिहासच मुळी वादकांच्या हट्टातून घडलाय. 1969 साली सुरू झालेल्या अलेम्बिक कंपनीने बेसमध्ये ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या, सर्किटची वाट मोकळी केली. बेसवादक अँथनी जॅक्सनला ईच्या (चार तारी बेसच्या सगळ्यात खालच्या तारेच्या) खाली जायचं होतं म्हणून कारागीर कार्ल थॉम्पसनने 1975 मध्ये त्याच्यासाठी सहा तारांचा बेस बनवला. पुढे फोडेरा या बेस बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करताना जॅक्सन 36 इंच स्केलपर्यंत गेला. हा सगळा खटाटोप खालच्या बी तारेसाठी.

माझंही काम तिच्याचभोवती फिरतंय. बाकीच्या चार तारा फारसा त्रास न देता लागतात. बी लागली की बेस लागला.

मोकळ्या बीचा मूळ स्वर 30.87 हर्ट्झचा. बहुतेक कॅबिनेटमधून तो पूर्ण ताकदीने बाहेर पडतच नाही. आपण ऐकतो ते मुख्यतः त्याच्या दुपटीवरचे, म्हणजे 61.7 हर्ट्झचे आणि त्याहून वरचे उपस्वर. खालचा स्वर आपला मेंदू त्यांच्यावरून लावून घेतो. त्यामुळे बी भोंगळ वाटते तेव्हा बहुतेक वेळा खर्ज कमी पडलेला नसतो, उपस्वर एकमेकांशी जुळत नसतात. हे एकदा पटलं की माणूस इक्वलायझर सोडून तार, नट (खुंट्यांकडचा खाचांचा टेकू) आणि सॅडल (ब्रिजवरचा टेकू) बघायला लागतो.

35 इंचाचा फायदा किती? तोच गेज (तारेची जाडी) आणि तोच स्वर ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 34 वरून 35 वर गेलं की जवळजवळ सहा टक्के. सहा टक्के बोटाला जाणवतात, पण तेवढ्याने वाईट तार चांगली होत नाही. 34 इंचावरही सुरेख बोलणारे बेस आहेत. डिंगवॉलसारखे तिरप्या फ्रेटचे बेस बीला 37 इंचांपर्यंत नेतात आणि सगळ्यात बारीक जी तार 34 वर ठेवतात. विचार म्हणून मला ते फार आवडतं, पण माझी डाव्या हाताची सवय सरळ फ्रेटची आहे, ती मोडायची नव्हती.

म्हणून सुरुवात तारांपासून केली. सेटअप कुठलाही असो, तारा आधी ठरवाव्यात, कारण पुढचं प्रत्येक माप त्यांच्या ताणावर बसतं. सध्या निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) आहेत : 45, 65, 85, 105, 130, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. बीसाठी 125 चा टेपर प्रकारही लावून पाहिला. त्यात सॅडलवरून जाणारा भाग बारीक असतो, त्यामुळे तार तिथे मोकळी वळते आणि स्वर स्वच्छ येतो. पण माझ्या बोटाखाली ती बाजूच्या ईपेक्षा वेगळ्याच स्वभावाची वाटली. मला पाचही तारा एका घरातल्या हव्यात, म्हणून 130 वर परत आलो. 35 इंच स्केलला तारा मागवणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी : तारेवरचं पूर्ण जाडीचं वेटोळं नट ओलांडून पुढे जातंय ना. तारा बॉडीच्या मागून घालायच्या असतील तर लांब स्केलचाच संच लागतो. खुंटीकडे निमुळता होणारा भाग नटच्या आत राहिला तर ती तार कधीच धड बोलत नाही.

बी लावल्यावर सगळ्यात मोठा फरक पडतो तो ज्या कामाने, त्याला काही हत्यारच लागत नाही. जाड तारेचा गाभा ताठ असतो. सॅडलवरून उतरताना ती तीक्ष्ण कोनात न वळता कमानीसारखी उचलून राहते. म्हणजे तार नेमकी कुठून कंप पावायला लागते हेच नक्की नसतं. सॅडलच्या अगदी पुढ्यात अंगठ्याने तार खाली दाबायची, नटच्या पुढेही तसंच. दाबताना तार बसल्याचं बोटाला कळतं, स्वर थोडा उतरतो, पुन्हा सुरात आणायची. त्याआधी बाराव्या फ्रेटवरच्या हार्मॉनिकमध्ये (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेल्या उपस्वरात) एक संथ लाट ऐकू येत होती. दाबल्यावर ती जवळपास गेली. ताठ तारेला एवढं करूनही लाट राहिली तर मी ती तार सदोष समजतो आणि बदलतो.

मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर बोट, आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. आली तेव्हा फट 0.40 मिलिमीटरच्या आसपास होती, आता 0.28 वर आहे. ट्रस रॉडचं चाक पाव फेऱ्याच्या वर एका वेळी फिरवत नाही. कार्बनच्या सळ्या असलेली नेक सावकाश हलते, रात्रभर थांबून सकाळी पुन्हा मापावी. पार सरळ नेकचा आग्रह धरणारेही आहेत, पण बीचा हेलकावा रुंद असतो. फट फारच कमी केली की खालच्या फ्रेटवर तार घासते आणि मग लोक उगाच सॅडल उचलतात. हात हलका असेल तर 0.25, जड असेल तर 0.35, असा माझा हिशोब.

नटच्या खाचा कारागिराने थोड्या उंच ठेवल्या होत्या, आणि ते योग्यच आहे. खोल करणं सोपं, भरणं तितकं सोपं नाही. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर टिचकी मारली की हलकासा टक् असा आवाज यायला हवा, फट डोळ्यांना जेमतेम दिसावी. बीला किंचित जास्त ठेवली. 130 ची तार म्हणजे 3.3 मिलिमीटर, खाच तिच्यापेक्षा जरा रुंद हवी, नाहीतर तार अडकते आणि सुरात आणताना टक्कन सुटते. खाचेचा उतार हेडस्टॉककडे (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाकडे) जायला हवा आणि तार खाचेच्या पुढच्या कडेवरच टेकायला हवी. खाच सपाट राहिली तर तार हाडावर लोळते आणि झणझणते. तंबोऱ्याची जवारी जशी जपून काढावी लागते तशीच इथे ती जपून टाळावी लागते. कानशीचे दोन हात, तार बसवून ऐकणं, पुन्हा कानस. इथे घाई करू नये.

ॲक्शनबद्दल, म्हणजे फ्रेटपासून तारेच्या उंचीबद्दल, थोडक्यात. सतराव्या फ्रेटवर मोजतो. फेंडरचं स्वतःचं माप जाड बाजूला 6/64 इंच म्हणजे साधारण 2.4 मिलिमीटर आणि बारीक बाजूला 5/64 म्हणजे 2 च्या जवळ आहे. माझं बीला 2.3, जीला 1.8. याहून खाली जाता येतं, मी गेलो नाही. तारेला हलायला जागा दिली की स्वराचं अंग भरतं, आणि मला बेसकडून तेच हवंय.

इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर स्वर सुरात येणं, लावताना बाराव्या फ्रेटवर हार्मॉनिक आणि दाबलेला स्वर जुळवणं सगळ्यांना माहीत आहे. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. बीवर मात्र ट्यूनरचा काटा फार नाचतो. तिथे एकोणिसाव्या फ्रेटवर हार्मॉनिक आणि दाबलेला स्वर ताडून पाहावा. ते उंच असल्याने ट्यूनर स्थिर वाचतो. दोघांत नैसर्गिकच 2 सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक असतो, दाबलेला स्वर तेवढा उतरता, तो धरून चालायचं. आणि बोटाचा दाब वाजवताना असतो तितकाच ठेवायचा.

आता या महिन्यातलं सगळ्यात रंजक काम. बेस पट्ट्यावर टांगून नेकवरचा हात सोडला की हेडस्टॉक खाली जात होता. मूळच्या खुंट्या देखण्या होत्या पण वजनदार, प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या आसपास. साठेक ग्रॅमच्या हलक्या बसवल्या. हेडस्टॉकवरून दोनशे ग्रॅम उतरले आणि तेही नेकच्या पार टोकावरून, त्यामुळे तोल एकदम सावरला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट हलली : डेड स्पॉट.

बहुतेक बेसवर जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर लवकर मरतो. कारण सरळ आहे. नेकला स्वतःची एक कंपनसंख्या असते. तारेचा स्वर तिच्याशी जुळला की नेक तारेची ऊर्जा ओढून घेते आणि स्वर ओसरतो. हे हाताने तपासता येतं. हेडस्टॉकच्या मागे तळवा टेकवून एकेक फ्रेट वाजवत जा. जो स्वर मरतो नेमक्या त्याच स्वराला तळव्याखाली लाकूड थरथरतं, शेजारच्या फ्रेटला ते शांत असतं. जड खुंट्यांवर माझा डेड स्पॉट पाचव्या फ्रेटच्या सीवर, म्हणजे 130.8 हर्ट्झला, अगदी स्पष्ट होता. टोकाचं वजन कमी झालं की नेकची कंपनसंख्या वर जाते, त्यामुळे तो वर सरकणार हे अपेक्षित होतं. तो सी आणि सी शार्प यांच्या मधोमध आलाय. आता दोन्ही स्वर थोडे आखूड आहेत, पण पूर्ण मेलेला एकही नाही. हेडस्टॉकवर छोटा क्लॅम्प लावला की तो पुन्हा खाली सरकतो, हेही करून पाहिलं.

हा दोष कारागिराच्या माथी मारू नये असं मला मनापासून वाटतं. नेक लाकडाची असेल तर डेड स्पॉट कुठे ना कुठे असणारच. कार्बनच्या सळ्या त्याला वर ढकलतात, नाहीसा करत नाहीत. आपल्या हातात असतं ते त्याची जागा ठरवणं. ज्यांच्या गाण्यांत जीवरचा सी लांब धरायचा असतो त्यांनी खुंट्यांच्या वजनाचा विचार जरूर करावा.

पिकअपची उंची शेवटचा फ्रेट दाबून मोजली : बीखाली 3 मिलिमीटर, जीखाली 2.5. नेककडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा थोडा खाली, कारण तिथे तारेचा झोका मोठा असतो आणि तो तसाही जोरात बोलतो. चुंबक तारेच्या फार जवळ गेला की तारेला ओढतो, जाड तारेचा सूर डळमळतो. इंटोनेशन लागत नसेल तर सॅडलशी झगडण्याआधी पिकअप खाली करून बघावा.

उंची पक्की झाल्यावरच दोन पिकअपच्या मधला रॅम्प केला. बेसवादक गॅरी विलिसमुळे हा प्रकार रूढ झाला. तारांखाली लाकडाची एक फळी असली की बोट खोल घुसत नाही, हात आपोआप हलका राहतो. एबनीचा तुकडा, वरचा बाक फ्रेटबोर्डच्या त्रिज्येचा. त्याच त्रिज्येच्या ठोकळ्यावर सँडपेपर लावून घासत आणला, कडा गोल केल्या, आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवला. बॉडीला भोक पाडायचं नव्हतं. वरची पातळी पिकअपच्या बरोबरीने. बीवर याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला : जोरात ओढल्यावर जो सूर आधी क्षणभर चढा यायचा तो आता सुरुवातीपासून जागेवर असतो.

प्रीअँप (बेसच्या आतलं, बॅटरीवर चालणारं टोनचं सर्किट) बदलला, पण त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सर्किटला चालतं याची खात्री करून 9 ऐवजी 18 व्होल्ट दिले. आवाज वाढत नाही, स्लॅपचे (अंगठ्याने तारेवर मारून वाजवण्याचे) टोकाचे फटके चेपले जात नाहीत इतकंच, आणि तेवढं पुरेसं आहे. प्रीअँपच्या आधी 250 किलोओहमचा पॉट आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालून पॅसिव्ह टोन ठेवला. तो प्रीअँपच्या पुढे लावून उपयोग नाही, पिकअपचा भार तिथे पोहोचतच नाही. पोकळीत तांब्याची पट्टी लावली असेल तर प्रत्येक तुकडा ग्राउंडला जोडला गेलाय का हे मल्टिमीटरने तपासा, नुसती चिकटवून काही होत नाही. जॅक स्टिरिओ, म्हणजे केबल काढली की बॅटरी तुटते. मिड्सचा, म्हणजे मधल्या स्वरांचा, स्विच 400 आणि 800 हर्ट्झचा आहे. बँडमध्ये बी हरवली तर मी 400 थोडे वर करतो, खर्जाच्या नॉबला हात लावत नाही.

पुढचं काम फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचं गुळगुळीत वेटोळं असलेल्या) तारांचं. त्यांचा ताण वेगळा, म्हणजे नेकच्या फटीपासून सगळी मापं पुन्हा घ्यावी लागणार, आणि 130 ची फ्लॅटवाउंड नटच्या याच खाचेत बसते का तेही पाहावं लागणार. कुणी 35 इंच स्केलवर फ्लॅटवाउंड बी वाजवत असेल तर कोणता गेज आणि नेकला किती फट ठेवलीय ते जरूर सांगा.